दहाची रेघ

२१ ऑगस्ट, गुरुवार

अर्धी सुटी टाकून शुभाला डॉक्टर मॅडमकडे नेलं. साखर उतरली आहे, वजनही उतरतंय. मॅडम खूष. आठवड्याचं इंजेक्शन आजवर त्यांच्याच दवाखान्यात सिस्टर द्यायच्या, चार झाली. आता म्हणाल्या, "मिसेसना घरीच द्या. आईंना रोज इन्सुलिन देताच ना तुम्ही? मग काय!" शु.ने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. बरं वाटलं, कबूल करतो.

चिठ्ठीवर: दहा युनिट, दर रविवारी. मॅडमनी आणखीही सांगितलं. डोस मनाने वाढवायचा नाही. उलट्या थांबल्या नाहीत तर फोन करायचा. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीत गेलं तर वाट न बघता यायचं. शु. ऐकत होती. मी चिठ्ठीची घडी घालत होतो.

बडा फुहाऱ्याजवळच्या दुकानातून औषध घेतलं. बाटली, बर्फाच्या थैलीत. सिरिंजचं पाकीट वेगळं दिलं. "भैया, इसी से देना." हो म्हटलं. थैली हातात, पाकीट स्कूटरच्या डिकीत.

२३ ऑगस्ट, शनिवार

फॅक्टरीत सेक्शनमध्ये आज मिश्राजींनी तपासणीची तारीख उलटलेला मापाचा गेज वापरला. अख्खी लॉट पुन्हा मोजावी लागली. मी सगळ्यांसमोर बोललो, "पंधरा वर्षं झाली तुम्हाला, हातात घेताना टॅग बघायचा, एवढंच तर काम आहे." त्यांनी गेज खाली ठेवला. माझ्याहून मोठे आहेत. एकटं गाठून सांगता आलं असतं. सोमवारी बोलेन त्यांच्याशी.

मंगळवारी हरतालिका. नदीवरून, ग्वारीघाटावरून वाळू आणून दिली, महादेव करायला. आई म्हणाली, "औंदा निर्जळा नको धरू शुभे, दवा चालू आहे तुझी." शु.: "आई, बावीस वर्षं धरून राहिले. यंदाच काहून सोडू?" मग मला, "तुमच्याच आयुष्यासाठी आहे, तुम्हीच सांगा आईंना." मी हसून टाळलं.

शेजारच्या पांडे भाभी कुंपणावरून: "दीदी, आप तो आधी रह गईं! हमको भी लगवा दो वो सुई." शु. दिवसभर खुशीत.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी आधी आईचं इंजेक्शन, लगेच शु.चं. आईच्या स्टीलच्या डब्यातून नवी सुई काढली, बाटली पालथी धरली, दहाच्या रेघेपर्यंत ओढलं, बुडबुडा काढला, दिलं. शु.: "कळलं पण नाही. सिस्टरपेक्षा हलका हात आहे तुमचा." लिहून ठेवण्यासारखं वाक्य, म्हणून लिहिलं.

दुपारी जेवली नाही. मळमळ म्हणाली. पहिल्या आठवड्यातही झाली होती.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी. पहाटेपासून तीन उलट्या. चहाही राहिला नाही. इशूने कॉलेज बुडवलं, आईजवळ बसते म्हणाली. शु.: "जा तुम्ही ड्यूटीवर. पित्त आहे. काल सकाळी पांडे भाभीच्या हातचे भजे खाल्ले ना." साखरेची रोजची गोळी मात्र घेतली तिने. पोट रिकामं असताना घ्यावी की नाही, मनात आलं. विचारलं नाही. उशीर होत होता.

संध्याकाळी.

बसस्टँडच्या दुकानातून मीठ-साखरेच्या पुड्या घेतल्या. घरी येऊन त्या काढायला डिकी उघडली. आत पाकीट. गुरुवारचं. न उघडलेलं.

नारंगी टोपीच्या सुया. पाकिटावर १००, म्हणजे एका मिलिलिटरला शंभर रेघा. आईच्या डब्यातल्या लाल टोपीच्या. त्यांच्यावर ४०.

आईचं इन्सुलिन चाळीसवालं, म्हणून तिच्या सुया चाळीसच्या. हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. आईच्या सुया संपल्या की दुकानात मीच ठासून सांगतो, लालच द्या. आणि काल मीच.

स्वयंपाकघरात पाणी घेऊन बघितलं. लालमध्ये दहापर्यंत भरलं, कोरड्या वाटीत सोडलं, नारंगीने तेच ओढून घेतलं. पंचविसाच्या रेघेला जाऊन थांबलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा पंचवीस.

अडीचपट.

इशू दारात: "बाबा, क्या कर रहे हो?" म्हटलं, काही नाही, सुया बघून राहिलो.

शु. झोपली आहे. आतापर्यंत सहा उलट्या. लघवीला सकाळपासून एकदाच गेली, इशू सांगते.

मॅडमचा फोन लावला. दवाखाना बंद. मोबाइल दोनदा वाजला, उचलला नाही. तिसऱ्यांदा लावायला हवा होता. मनात काय होतं ते नीट लिहितो: उचलला नाही याचं क्षणभर हायसं वाटलं. हे औषध आठवडाभर अंगात राहतं. काढून घेता येत नाही. उतरेलच हळूहळू, सकाळपर्यंत बघू, तिला उगाच घाबरवू नये. असं मी स्वतःला सांगितलं. यातलं तिच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती?

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी. सुटी टाकली. ती उठली, भिंतीला धरून अंघोळ केली, हिरवी साडी नेसली. पाणी द्यायला गेलो. "आज नाही." "दोन घोट, शुभा." "तसंही पोटात काही ठरत नाही. उपवास आपोआपच होऊन राहिला, मग नावाला काहून मोडू?" हसली. ओठ कोरडे पडले आहेत, हसताना खालचा फाटला.

साखरेची गोळी पाण्याशिवाय गिळली. "औषध चालतं उपवासाला." माझ्यासमोर गिळली. मी उभा होतो. हात धरता आला असता.

दुपारी. सांगितलं.

वाळूचे महादेव पाटावर, समोर ती भिंतीला टेकून. पांडे भाभी पूजेला बोलवायला आल्या होत्या, "अरे, इनका तो मुँह उतर गया," म्हणून परत गेल्या. मीटर लावलं तर साखर ६२. एवढी कमी कधीच नव्हती. घाम. मला म्हणाली, "तुमचा चेहरा असा काहून झाला?"

मी खाली बसलो. जे बोललो ते जसंच्या तसं: "शुभा, रविवारी माझ्या हातून चुकलं. आईच्या सुईने दिलं मी तुला. अडीचपट औषध गेलंय. पित्त नाही हे."

"किती?"

"अडीचपट."

"तुम्ही? मोजून दिलं ना तुम्ही?"

"दहाच्या रेघेपर्यंतच दिलं. रेघ दुसरी होती."

तिने महादेवासमोरचं फूल सरळ केलं. मग विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

काल संध्याकाळी सहा. आज दुपारी बारा. अठरा तास. मी म्हटलं, "कालपासून."

मी साखरपाण्याचा ग्लास पुढे केला. माझ्या हातून नाही घेतला. "इशू, दे गं." इशूच्या हातून घेतला. प्यायच्या आधी कपाळाला लावला, पुटपुटली. काय ते ऐकू आलं नाही. तीन घोट प्याली. पाच मिनिटांत उलटून पडलं.

ज्याच्या आयुष्यासाठी बाई पाणी सोडून बसली होती

पुढचं लिहवत नाही.

संध्याकाळी. रिक्षाने मोठ्या दवाखान्यात, मॅडम राउंडला येतात तिथे. मॅडमना रस्त्यातून फोन लागला, पहिल्याच रिंगला. अठरा तास आधीही लागला असता, तिसऱ्या वेळी. त्या म्हणाल्या, बाटली आणि दोन्ही सुया सोबत आणा. आणल्या होत्या. ड्यूटी डॉक्टरला सगळं सांगितलं. किती वाजता, कोणती सुई, किती रेघ, आजची गोळी. त्याने लिहून घेतलं, मी त्याला परत वाचून दाखवायला सांगितलं. त्याने वर बघितलं. वाचलं.

या औषधावर उतारा नाही. सलाइन, ग्लुकोज, उलटीचं इंजेक्शन, आणि वाट बघणं. साखरेची गोळी बंद. तिचा असर दोन दिवस राहू शकतो, म्हणून दर तासाला साखर बघणार. मूत्रपिंडाचा आकडा वाढला आहे. "डिहाइड्रेशन है. कल ले आते तो..." वाक्य पुरं केलं नाही त्याने.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. इशूने आणला, इशूनेच बसवला. मी सकाळी दवाखान्यातून घरी आलो ते आईच्या इन्सुलिनसाठी.

आईला काल इशूने सांगितलं होतं. आई म्हणाली, "माही सुई लावली तू तिले? उष्टी?" "नवी होती आई. पण तुझ्या औषधाची होती." "मंग त सुईचा काय कसूर." थोड्या वेळाने: "माह्या डब्यात काहून हात घातला तू?" रागाने नाही. खरंच विचारत होती.

कारण डबा समोर होता. कारण हात त्या डब्याला सवयीचा. कारण डिकीपर्यंत जायचा कंटाळा आला असेल. असेल नाही, आला.

पदर सरकवून बसली रोजच्यासारखी. माझ्याच्याने भरवेना. सुई बाटलीत जाईना. इशूला हाक मारली. फॅक्टरीत एकाने रीडिंग बोलायचं, दुसऱ्याने बघून तेच परत बोलायचं, तेव्हा तिसऱ्याने लिहायचं. घरी कधी सुचलं नाही. "लाल टोपी," मी म्हटलं. इशू: "लाल." "बाटलीवर चाळीस, सुईवर चाळीस." "चालीस, चालीस." "रेघ वीस." तिने डोळे जवळ नेले. "बीस, बाबा." आई म्हणाली, "चलो, टोचा आता. आरती राह्यली आहे."

दुपारी दवाखान्यात शु. एकदा डोळे उघडून म्हणाली, "बसवले का?" म्हटलं, बसवले. "मोदक?" "पांडे भाभींनी दिले." "त्यांच्या भज्यांनी नव्हतं झालं मग," म्हणाली. मी त्यांना सोमवारी दिवसभर मनातल्या मनात दोष दिला होता.

साखर आता ९० च्या वर राहते. उलट्या चारवर. लघवी अजून कमी.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मागची पानं वाचली. रविवारचं वाक्य खोडावंसं वाटलं, तो हलका हात. रजिस्टरमध्ये खोडत नाहीत. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. तसं केलं.

मूत्रपिंडाचा आकडा कालच्यापेक्षा आणखी वर. राउंडवर मॅडम स्वतः आल्या. त्यांना विचारलं, पुढे काय. म्हणाल्या, "बहुतेकदा पाण्याने सुधारतं. नाही सुधारलं तर मोठ्या डॉक्टरांना दाखवू." बहुतेकदा. दिवसभर हाच एक शब्द.

मग त्यांनी मला बाहेर बोलावलं. वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "चिठ्ठीवर मी नुसतं दहा युनिट लिहिलं. कोणत्या सिरिंजने, तेही लिहायला हवं होतं. यापुढे लिहीन." माझ्या डोळ्यात पाणी आलं. त्यांची चूक नाही. दुकानदाराने हातात दिलं होतं, तोंडाने सांगितलं होतं. तरी क्षणभर ती चूक कोणी तरी वाटून घेतली याचं बरं वाटलं. हे मिश्राजींना मी दिलं नव्हतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी घरी आलो तर पांडे भाभी ओसरीत. चौकशी झाली, मग हळूच: "भाईसाहब, वो जो शीशी बची है, दीदी तो अब लेंगी नहीं, मैं ले लूँ? मेरा भाई कंपाउंडर है, लगा देगा." एवढं होऊन! मी ओरडलोच, "भाभीजी, ये किसी की चीज़ किसी और को लगाने की नहीं है!" आतून आई बाहेर आली. भाभी उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हम तो बस पूछ रहे थे." डोळे भरले होते त्यांचे. वजनाचं इतकं मनाला लावून घेतलं आहे का त्या बाईने, मला कधी दिसलं नाही. खाली बसवून सांगितलं. आधी तपासणी करा, डॉक्टर देतील तर त्यांच्याकडून घ्या, आणि काय घेता ते घरात एकाला तरी सांगून ठेवा. ऐकलं की नाही, माहीत नाही.

दवाखान्यात दाखवून घरी आणलेल्या, फ्रिजमधल्या बाटलीला चिकटपट्टी गुंडाळली. वर लाल शाईने: वापर बंद. खाली सही, तारीख. नापास गेजला लावतो तसंच. दवाखान्यात परत नेऊन देणार आहे. इशू: "बाबा, फेंक क्यों नहीं देते?" कचऱ्यातून कोणी उचलली तर?

शु.च्या पोटात दोन चमचे मुगाचं पाणी ठरलं. अर्धा तास.

३० ऑगस्ट, शनिवार

मूत्रपिंडाचा आकडा आज पहिल्यांदा खाली. थोडाच. मी कागद दोनदा वाचला, सिस्टरला वाचायला लावला.

शु. उठून बसली. केस विंचरून दिले इशूने. माझ्याशी मोजकंच बोलते. "चष्मा द्या." "पंखा कमी करा." आज म्हणाली, "मला एक समजत नाही. चुकलं ते चुकलं. माझ्या आईनेही एकदा भलत्याच बाटलीतलं औषध पाजलं होतं मला. पण त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याजवळ बसून होते. डोक्यावरून हात फिरवून राहिले होते. आणि माहीत होतं तुम्हाला."

मी म्हटलं, "भीती वाटली."

"कोणाची?"

मी तिचा चष्मा पुसून ठेवला. तिला गमावण्याची म्हणालो असतो तर ते अर्धंच खरं झालं असतं. तिच्या नजरेतून उतरण्याची, हे दुसरं अर्धं. ते तिला सांगितलं नाही. इथे लिहितोय. उद्या सांगावं का?

३१ ऑगस्ट, रविवार

सात दिवस.

मॅडमना विचारलं, आता तरी गेलं असेल ना औषध? म्हणाल्या, आठवड्यात साधारण निम्मं उतरतं. म्हणजे अडीचचं सव्वा. आधीचे चार डोस धरलेच नाहीत. म्हणजे आजही तिच्या अंगात एका इंजेक्शनपेक्षा जास्तच आहे. आज मी काहीही न देता.

सकाळी घरी आईचं इन्सुलिन. लाल, चाळीस, चाळीस, वीस. इशूने परत बोलून दाखवलं. हात आज कमी थरथरला. हे चांगलं की वाईट? थरथरत होता तेव्हा मी जास्त बघत होतो.

दवाखान्यात दहाला पोचलो. शु. एका कुशीवर. वरच्या पोटात दुखतंय, म्हणाली. कधीपासून? "सहापासून." चार तास. कोणाला सांगितलं? "सिस्टरांची ड्यूटी बदलत होती, म्हटलं थांबेल." मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. पाठीत जातं का? "थोडं." मी धावत जाऊन डॉक्टरला आणलं. चप्पल वॉर्डातच राहिली.

स्वादुपिंडाला सूज आहे का बघायला रक्त पाठवलं. तोंडाने सगळं बंद, मुगाचं पाणीही. उद्या दुपारी सोनोग्राफी. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी येतो म्हणाले, पाच वाजता विचारलं तर मशीनवर आहे, पुन्हा करताहेत. पुन्हा का करताहेत? "एक बार और देख लेते हैं." मला माहीत आहे फॅक्टरीत आम्ही रीडिंग पुन्हा कधी घेतो.

तिला ते दुसरं अर्धं सांगितलं. भीती कोणाची ते. ती डोळे मिटून होती. वाटलं झोपली. मग म्हणाली, "इशूला पाठवा रात्री. तुम्ही घरी जा."

बॅग उचलली. दारापर्यंत गेलो असेन, तर मागून हाक: "अहो."

वळलो.

"पूजा अर्धीच राहिली माझी. पाणीही प्याले मी." थांबली. दुखत होतं तिला, श्वास धरून बोलत होती. "स्कूटर हळू न्या. कांचघरच्या उतारावर ब्रेक बघून लावा. आईंना सांगा महादेवापुढे दिवा लावायला, तुमच्या नावाने."

हो म्हटलं. स्कूटर ढकलत फाटकापर्यंत आणली आणि इथे भिंतीवर बसून हे लिहितोय. इशू बसने येईल. ती येईपर्यंत जाणार नाही. साडेसहा. रिपोर्ट अजून आलेला नाही.